सुभेदार : वजन एकशे अठरा ग्रॅम

सैन्यात मी बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. सकाळी सातला सिक रिपोर्ट घेणं, सुई टोचणं, पट्टी बांधणं आणि जिथं तंबू पडेल तिथलं पाणी पिण्यालायक करणं, एवढंच माझं युद्ध. दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. बायको सुजाता म्हणाली, आता तरी स्वस्थ बसा. मी तिसऱ्या आठवड्यातच नवी पोस्टिंग घेतली. ऑर्डर कुणी काढली नव्हती, माझी मीच काढली. ठिकाण: संतपूर, गंगाक्काचं अंगण. ड्युटी: दर रविवारी, सकाळी सात.

गंगाक्का ही लान्स नायक शिवराजची आई. शिवराज आमच्याच गावचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पलटणीत बाकी सगळे घाटावरचे नाहीतर कोकणातले. कर्नाटकातला मराठी माणूस म्हटलं की ते कपाळाला आठ्या घालून आधी नकाशा मागायचे. तिथं एकाच गावचे दोघं एका पोस्टवर आलो, म्हणजे भाऊच झालो. तो मला दादा म्हणायचा. स्वतःच्या आईला तो अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्का म्हणतो.

सात वर्षांपूर्वी सतरा हजार फुटांवरच्या पोस्टवर शिवराज गेला. गोळीनं नाही, आजारानं. त्या पोस्टवर औषधपाण्याचा माणूस मी एकटाच होतो. त्याची पेटी घेऊन गावात मीच आलो. अक्कानं एकच विचारलं, ‘कसं झालं रे?’ मी म्हणालो, ‘अचानक झालं, अक्का. काही करता आलं न्हाई.’ त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. रविवारी आम्ही पाणी, सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी यांवर बोलायचो. शिवराजवर नाही.

अक्काच्या अंगणात दगडी हौद आहे. नळाचं पाणी आठवड्यातून दोनदा येतं, ते त्यात साठतं. या हौदात एक बेडूक राहायचा. त्याचं नाव सुभेदार.

शिवराज शेवटच्या सुट्टीवर आला होता तेव्हा शेतातल्या विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. गाळाच्या टोपल्यातून हा पिवळट हिरवा, पाठीवर उभ्या वळ्या असलेला बेडूक वर आला. शिवराजनं तो घमेल्यात घालून घरी आणला आणि हौदात सोडला. आमच्या कंपनीचे एक सुभेदारसाब बोलण्याआधी पोट पुढं काढून गळा फुगवायचे. बेडूकही तसाच बसायचा. नाव तिथंच ठरलं. परत पोस्टवर आल्यावर आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोनची पाळी यायची. मिनिटं मोजकी, मागं रांग. तरी शिवराजचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अक्का, सुभेदारसाब बरे हैत का?’ मग आम्हाला तो हातानं माप दाखवायचा. ‘पावशेराच्या वर भरतंय, दादा.’

तो गेल्यावर अक्कानं सुभेदाराला जपलं. रात्री तो हौदातल्या तुटक्या पायरीवरून बाहेर यायचा, अंगणभर फिरायचा, पहाटे परत पाण्यात. शिवराजच्या हातचं त्या घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांना याच हौदापासून दहा पावलांवर उभं राहून ओंजळीत पाणी घ्यावं लागायचं. हे मला त्यांनीच सांगितलेलं. पहिल्या रविवारी मी दारात थांबलो. पाय आपोआपच थांबले. बावीस वर्षं फौजेत काढूनही पायांना जुनं आठवतं. अक्का ओसरीवर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘उभा कामून ऱ्हायलास? हौद चालत येणार हाय का तुझ्याकडं?’ मी आत गेलो आणि हौदात हात घातला. त्या दिवशी घरी येऊन सुजाताला सांगितलं. तिच्या हातून चहात साखर जास्त पडली.

गेल्या पावसाळ्यात गल्लीत जुलाबाची साथ आली. दोन घरांतली माणसं सलाइनवर गेली. अक्काला काही होऊ द्यायचं नाही, हा माझा स्वतःशी करार होता. मी ब्लीचिंग पावडरचा डबा आणला आणि दर रविवारी मापानं हौदात टाकू लागलो. डेंग्यूची भीती होती म्हणून हौदावर बारीक जाळी बसवली. रात्रीपुरता सुभेदारासाठी एक कोपरा उघडा ठेवला. पाणी आरशासारखं झालं. तळाचे दगड मोजता येऊ लागले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दीडेक महिना गेला. भाद्रपदातल्या एका रविवारी अक्का दारातच वाट बघत उभी होती.

‘मिलिंद, सुभेदार वाळायलाय बघ.’

‘वय झालं असंल, अक्का.’

‘वय माझं झालंय. त्याला काय झालंय ते बघ. हात लावला तरी हलंना.’

तो हौदाच्या पायरीवर पडला होता. कंबरेची हाडं कातड्याखालून दिसत होती. मांड्या वातीसारख्या झालेल्या. पोटाचं कातडं लालसर. आणि पाठभर हळद. अक्कानं रात्री हळद लावली होती.

‘अक्का, ही हळद?’

‘जखमेला दुसरं काय लावत्यात?’

मी हळद धुतली. सुजाताचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, स्टीलचा डबा ठेवून शून्य केला आणि सुभेदाराला आत बसवलं. एकशे अठरा ग्रॅम. पावशेरातला अर्धाही उरला नव्हता.

अक्का काट्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘लेकरानं आणलेलं हाय ते. एवढं वाचीव. तुला दुसरं काही मागत न्हाई.’

सात वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

वहीत रेघा मारल्या. तारीख, वेळ, वजन, काय दिलं, शेरा. सिक रिपोर्टच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात आम्ही बहुतेकांपुढं ‘एम अँड डी’ लिहायचो. मेडिसिन अँड ड्युटी. म्हणजे औषध घे आणि कामाला लाग. हात सवयीनं तेच लिहायला गेला. एक अक्षर उमटलंही. ते खोडलं आणि लिहिलं: ‘ॲडमिट’.

ओसरीच्या थंड कोपऱ्यात पसरट घमेलं ठेवलं. त्यात दोन बोटं पाणी, एका बाजूला ओली माती, वर ओलं गोणपाट. पाणी रोज बदलायचं, स्वच्छ हौदाचं. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दोन व्हिजिट. हवालदारानं सुभेदाराची सेवा करायची, यात नवं काही नव्हतं.

खाणं म्हणजे नाकतोडे आणि गांडुळं. सोयाबीनच्या बांधावर मी पंचेचाळिशीचा माणूस रुमाल टाकून नाकतोडे पकडायचो. लोक विचारायचे, ‘काय हवालदारसाब, काय करायलाव?’ मी म्हणायचो, ‘राशन गोळा करायलोय.’ एकदा नाकतोडे सुजाताच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवले. तिनं झाकण उघडलं. त्या दिवशी घरात ज्या भाषेत माझं कोर्ट मार्शल झालं ती इथं लिहिण्यासारखी नाही.

पण सुभेदार खाईना. गांडूळ नाकासमोर वळवळलं तरी डोळा हलेना. मऊ प्लास्टिकच्या पट्टीनं तोंड उघडून मी तुकडा आत ठेवला. तासाभरानं तो घमेल्यात पडलेला दिसला. तिसऱ्या दिवशी एकशे पंधरा. पाचव्या दिवशी एकशे अकरा. पोटाचा लाल डाग वाढला. नवव्या दिवशी एकशे आठ.

अक्का रोज विचारायची, ‘किती?’

मी आकडा सांगायचो. ती मान हलवून आत जायची. नवव्या दिवशी ती आत गेली नाही. घमेल्यापाशीच बसून राहिली.

दहाव्या दिवशी सुभेदाराला मातीच्या ओल्या मडक्यात घालून मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम दखनी बोलतात. बाहेर दोन म्हशी, एक गोऱ्हा आणि मडकं घेऊन मी. नंबर आला. त्यांनी मडक्यात डोकावून माझ्याकडं बघितलं.

‘देखो साब, मैं भैंस-बकरी देखती. मेंढक कब्बी देखी नै.’

‘एक बार देख लो, मॅडम.’

त्यांनी हसून हात धुतले आणि खरंच नीट बघितलं. पोटाचा लाल डाग बोटानं न दाबता, वाकून.

‘पानी कां का है?’

‘नळाचं. हौदात साठवतो. एकदम साफ आहे, मॅडम. मी स्वतः बघतो.’

‘साफ कैसा करते?’

‘ब्लीचिंग पावडर. दर रविवारी.’

त्यांचा हात थांबला. ‘अरे साब, ये मुँह से पानी नै पीता. चमड़ी से पीता. तुम उसकू रोज दवा में नहलारै. और उस पानी में कीड़ा-मकोड़ा बचा क्या, इसके खाने कू?’

मी मडकं उचललं. बाहेर आलो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो तेव्हा ध्यानात आलं, मडक्यावरचं गोणपाट टाकायचं राहून गेलंय. ते टाकलं.

हिशेब साधा होता. त्याचं पाणी मीच जाळलं. त्याच्या अन्नाला मीच जाळी लावली. आजारी पडल्यावर हौदातून काढून घमेल्यात ठेवला, आणि घमेल्यात रोज त्याच हौदाचं पाणी ओतलं. आगीतून काढून फुफाट्यात. वर वही, वेळ, व्हिजिट, सगळं शिस्तीत. पाणी दिसलं की त्यात पावडर टाकायची, हे माझ्या हातात इतकं भिनलं होतं की त्या पाण्यात कोण राहतं हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी शेतातल्या विहिरीचं पाणी दोन कॅनमध्ये आणलं. घमेलं घासून वाळवलं, ते पाणी भरलं. अक्का म्हणाली, ‘हे विहिरीचं कामून?’

‘डॉक्टरनी सांगितलं. जुनं पाणी मानवंल त्याला.’

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. असलं बोलणं मला चांगलं जमतं, हे मला त्या क्षणी कळलं. कारण हे मी पूर्वी एकदा केलं होतं.

आता ती सकाळ सांगतो.

पोस्टवर आम्ही चौदा जण होतो. त्या दिवशी सकाळी सातच्या सिक रिपोर्टला शिवराज आला. खोकला, चालल्यावर दम. मी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा मागच्या आठवड्यापेक्षा आठनं खाली होता. इतक्या उंचीवर एक आजार असतो, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर खरं औषध एकच: माणसाला ताबडतोब खाली नेणं. मला ते माहीत होतं. मी ते नव्या पोरांना शिकवायचो.

मी म्हणालो, ‘शिवा, खाली जा. हेलिकॉप्टर मागवतो.’

‘नको, दादा. च्यार दिवसानं सुट्टी हाय. खाली दवाखान्यात टाकलं तर सुट्टी गेली. येळवस चुकंल.’

येळवस म्हणजे आमच्या भागातली येळ अमावस्या. बीदर, लातूर, कलबुर्गीकडं त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे शेतात जाऊन जेवतात. दिवाळीला नाही आला तरी चालेल, पण येळवसला पोरगं शेतात पाहिजे.

‘दादा, थंडीचा खोकला हाय. औषध दे. सांजच्याला बरं न्हाई वाटलं तर तू म्हनशील तसं.’

बोटं गार असली की यंत्र खोटं बोलतं. ते त्या दिवशीही खोटं बोलतंय असं मी ठरवलं. तो माझ्या गावचा नसता तर मी ऐकलं नसतं. औषध दिलं. रजिस्टरात त्याच्या नावापुढं लिहिलं: एम अँड डी.

त्या वेळी आभाळ स्वच्छ होतं. अकरापर्यंत स्वच्छ होतं.

दुपारी एकला त्याच्या ओठांचा रंग बदलला. खोकल्यातून गुलाबी फेस आला. मी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, सेट उचलला.

‘बेस फॉर पोस्ट. एक कॅज्युअल्टी, सीरियस. चॉपर चाहिए. ओव्हर.’

‘पोस्ट फॉर बेस. वेदर पॅक है. वेट. ओव्हर.’

‘वेट नहीं कर सकता. ओव्हर.’

‘समझता हूँ. वेट. ओव्हर.’

पोस्ट कमांडरांनी चार जणांची स्ट्रेचर पार्टी काढली. बर्फ उडत होता, पुढचा माणूस दिसत नव्हता. दोनशे मीटरवरून त्यांना परत फिरावं लागलं. शिवराज शेवटपर्यंत शुद्धीत होता. पाच वाजून दहा मिनिटांनी गेला. माझ्या हातात ऑक्सिजनचा मास्क होता. मी तो बराच वेळ धरून बसलो होतो, असं मला नंतर इतरांनी सांगितलं.

चौकशी झाली. मी रजिस्टर पुढं केलं, सकाळचा आकडा आणि खालचा शेरा दाखवला. मला ताकीद मिळाली, ती माझ्या कागदात आहे. सैन्याला मी खरं सांगितलं. आईला नाही सांगितलं.

विहिरीच्या पाण्यात तिसऱ्या दिवशी सुभेदारानं डोळे हलवले. चौथ्या दिवशी लाल डाग फिका पडला. वजन एकशे आठवरच होतं, पण उतरलं नव्हतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी नाकतोडा पायाला धरून समोर नाचवला. काही दिसलं नाही, फक्त नाकतोडा नव्हता आणि माझ्या बोटाला ओलं लागलं होतं.

‘अक्का!’

ती आतून धावत आली. तिचे गुडघे दुखतात, ती धावत नाही. ‘काय झालं?’

‘जेवला.’

मी दुसरा नाकतोडा धरला. तोही गेला. अक्कानं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘किती?’

एकशे तेरा.

त्यानंतर सुभेदार पेन्शनर जेवतो तसा जेवू लागला, वेळेवर आणि तक्रार न करता. अंगणातल्या निंबाखाली जनावरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण पडून होती. ती माती उकरून अर्धी जमिनीत बसवली, विहिरीच्या पाण्यानं भरली, कडेला ओली माती घातली आणि सुभेदाराला तिथं हलवलं. हौदातली पावडर चालू ठेवली, कारण अक्काला जुलाब होऊन चालणार नव्हते. एकशे तीस. एकशे बावन्न. दिवाळीत एकशे एक्क्याहत्तर. थंडी पडू लागली तेव्हा दोनशे चार. मग एके दिवशी डोणेजवळच्या मातीत तो पाठीकडून खाली गेला. बेडूक थंडीत असं करतात. नाकापुरती जागा दिसत होती.

वहीत शेरा लिहिला: ‘फिट’.

खरा त्रास आता सुरू झाला. अक्का गल्लीत सांगत सुटली. पिठाच्या गिरणीवर, सोसायटीत, बसमध्ये. ‘मिलिंदनं जीव वाचिवला. मेलेलं उठिवलं बघा.’ लोक मला रस्त्यात थांबवून बेडकाची तब्येत विचारायचे. मी हो हो म्हणायचो. चोराच्या मनात चांदणं. जेवण जाईना. सुजातानं एका दुपारी ताट पुढं ठेवून विचारलं, ‘बेडूक बरा झाला, आता तुम्हाला काय झालंय?’

मी तिला दोन्ही सांगितलं. हौदाचंही आणि पोस्टचंही. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, ‘हे मला सांगून काय उपयोग?’

येळवस आली. अक्कानं निरोप दिला की सकाळी शेतात या, दोघंही. तिच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपटं, उभारली होती, आत पूजेचे चुन्यानं रंगवलेले पाच दगड. सगळ्या शेंगांची आणि पालेभाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबट ताकाची आंबील. पूजेला मी मागं उभा राहतो आणि जेवायला पुढं बसतो, हा माझा जुना नियम. जेवणं झाली. बटाईनं शेत करणारा माणूस आणि त्याच्या घरचे बांधावर बोरं वेचत होते. सुजाता भांडी गोळा करत होती. अक्का पिशवी घेऊन माझ्यासमोर आली. पिशवीत नवा टॉवेल आणि पांढरी टोपी होती.

आमच्याकडं मान द्यायचा तर टॉवेल-टोपी देतात. घरच्या माणसाला, सोयऱ्याला देतात. त्या घरानं आमच्या घराला ती आजवर दिली नव्हती.

‘मान खाली कर,’ ती म्हणाली.

‘अक्का, आधी ऐका.’

‘ऐकते की. मान खाली कर.’

‘सुभेदार माझ्यामुळं आजारी पडला. हौदात मी पावडर टाकायलो होतो, त्यानं त्याचं अंग जळालं. जाळीनं खाणं बंद झालं. मला कळल्यावरबी मी तुमाला सांगितलं न्हाई.’

तिचा टोपीचा हात खाली आला. पण मी थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

‘आन् शिवाचं अचानक न्हाई झालं. सकाळी सातला तो माझ्याकडं आलता. त्याला खाली पाठवाय पाहिजे होतं. आभाळ मोकळं होतं. येळवस चुकंल म्हणला, मी ऐकलं. चार तास होते, अक्का. मी पाठवलं न्हाई.’

मी अटेन्शनमध्ये उभा होतो. हे मला नंतर सुजातानं सांगितलं.

अक्का कोपीच्या दाराशी खाली बसली. पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग तुरीकडं तोंड केलं.

‘आदल्या दिशी त्याचा फोन आलता,’ ती म्हणाली.

मला फोनची ती पाळी आठवली. मी त्याच्या मागं तिसरा उभा होतो.

‘खोकत व्हता. म्हणला, अक्का, छातीत भरल्यावानी व्हायलंय, दादाला दाखवितो, दवाखान्यात जा म्हणंल तो. मी म्हणले, दवाखान्यात पडू नको. सुट्टी जाईल. तुझा बाप गेल्यापस्नं शेतात फेरी माराय कोणी न्हाई. काय बी कर, येळवस चुकवू नको.’ तिनं माझ्याकडं बघितलं. ‘मी सांगितलं म्हणून त्यानं तुला तसं सांगितलं.’

मी एक पाऊल पुढं आलो.

‘सात वर्सं झाली. मला वाटायचं, त्यानं तुला सांगितलं असंल. तुला ठाव हाय, पन म्हातारीला कशाला टोचायचं म्हणून तू बोलत न्हाईस. दर आयतवारी येतोस, पाणी बघतोस, गप जातोस. मी म्हणायची, किती मोठं मन हाय ह्या लेकराचं.’

सुजाता हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती. मी अक्कासमोर मातीत बसलो. आम्ही दोघं रडलो. सात वर्षांत एकमेकांसमोर पहिल्यांदा. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, ‘आता तरी मान खाली कर.’

मी केली. टोपी एका बाजूला वाकडी बसली. तिनं ती सरळ केली, टॉवेल खांद्यावर टाकला. मग आंबिलीचा तांब्या माझ्या हातात दिला.

‘फेरी राह्यलीय. सात वर्सं बटाईवाला मारायलाय. आज तू मार.’

येळवसला घरच्या पुरुषानं आंबील शिंपडत, हाळी देत शेताला फेरी मारायची असते. मी मारली. तुरीतून, ज्वारीच्या कडेनं, विहिरीला वळसा घालून. हाळी मला नीट येत नव्हती. बांधावरून अक्का शब्द सांगत होती, मी मागून म्हणत होतो. उरलेली आंबील तिनं घरी नेली आणि डोणेजवळ, सुभेदार झोपला होता त्या मातीपासून हातभर लांब ओतली. ‘जवळ नको,’ ती म्हणाली. ‘आंबट हाय. तुझी पावडर अन् माझी हळद, झालं तेवढं बास.’

मी आजही रविवारी सातला जातो. हौदात पावडर टाकतो, डोणेत विहिरीचं पाणी घालतो. मग ओसरीवर चहा होतो. आता आम्ही शिवराजबद्दल बोलतो. तो पोस्टवर कुणाची नक्कल करायचा ते मी सांगतो. लहानपणी विहिरीत उडी मारून वर यायला मुद्दाम उशीर करायचा, ते ती सांगते.

लान्स नायक शिवराज, राहणार संतपूर. वय सत्तावीस. सिक रिपोर्ट सकाळी सात. मृत्यू संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. सुट्टी मंजूर होती, चार दिवसांनी निघायचा होता. त्या सकाळी अकरापर्यंत आभाळ स्वच्छ होतं.